इंदूबाईंचं अनुमोदन

टोकन मिळालं होतं, नंबर यायचा होता आणि आत्माराममामा रुसले होते. म्हणजे गमऱ्यांच्या हिशेबाने काम सुरळीत चाललं होतं.

दुय्यम निबंधकांचं ऑफिस काशीमीऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. खाली टायरचं दुकान, वर जिम. मधल्या मजल्यावर माणसं एकमेकांना घरं लिहून देत आणि मधूनच छतावर धाडकन वजन पडे. पहिल्यांदा आलेली माणसं दचकून वर बघत. दुसऱ्यांदा आलेली टोकनकडे बघत.

"साक्षीदार म्हणून बोलावलंत," मामा म्हणाले. "खुर्ची नसेल असं कुणी बोललं नव्हतं."

"मामा, माझी घ्या ना," राजश्री उठत म्हणाली.

"नको. आता नको."

शिवा नावाचा एजंट हातात फाइल घेऊन आला. एकाच वेळी तीन कुटुंबांची कामं करत असल्यामुळे तो कुणाशीच पूर्ण वाक्य बोलत नव्हता. "काका, साक्षीदाराने बसायचं नसतं, ओळखायचं असतं. आत मॅडम विचारणार, या बाईंना ओळखता का. तुम्ही बोलायचं, ओळखतो. खतम."

"सख्खी बहीण आहे माझी."

"ते नका बोलू. लांबण लागतं."

सख्खी बहीण, म्हणजे इंदूबाई, भिंतीकडेच्या बाकावर पदर सावरून बसली होती. सहादेव गमऱ्यांना जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. भाईंदर पूर्वेचा फ्लॅट अजून त्यांच्याच नावावर होता. मृत्युपत्र नव्हतं, म्हणून बायको आणि तिन्ही मुलं सारखेच वारस. आता इमारत पाडून नवी बांधायची ठरली होती आणि सोसायटीला करारावर एकच नाव हवं होतं. त्या फ्लॅटमध्ये आईबरोबर धाकटा जीवन आणि त्याची बायको राजश्री राहत. तेव्हा आई, मोठा धम्मदीप आणि मधली संघप्रिया यांनी आपापला हक्क जीवनला सोडायचा, असा दस्त तयार झाला होता. हक्कसोडपत्र. आज त्यावर सह्या, अंगठे, फोटो.

जीवनच्या खांद्याला पिशवी होती. पिशवीत पाण्याची बाटली, सगळ्यांची आधार कार्डं आणि एक पाटी. पाटी आज आणायची नव्हती. पण सकाळी केबिन रोडवरून येताना दुकानदाराने हाक मारली होती. "सर, आज ले जाओ. कल मेरे साले की सगाई है, दुकान बंद." जीवनने ती घेतली. शिसवी लाकडावर स्टीलची अक्षरं, *जीवन राजश्री गमरे*. जी इमारत पडणार होती तिच्या दारावर ती लागणार नव्हती आणि जी उभी राहणार होती तिला अजून दार नव्हतं. पण पाटी तयार होती. जीवन कामं वेळेआधी करत नसे. हे एवढंच केलं होतं.

*

संघप्रिया हक्क सोडणार की नाही, याची सगळ्यांना महिनाभर धास्ती होती. ती मिरा रोडला राहायची आणि शाळेत शिकवायची. तिच्या मनात काय आहे ते घरच्यांना विचारता येत नव्हतं, म्हणून राजश्री तिला सुक्या बोंबलाची चटणी पाठवत होती. आधी छोटा डबा आला. मग मोठा. मग दोन कप्प्यांचा आला, तेव्हा संघप्रियाच्या लक्षात आलं की ही चटणी आपल्याला वाटते तेवढी साधी नाही.

"मी पहिल्याच दिवशी सही करणार होते," ती धम्मदीपला हळूच म्हणाली. दोघं पाण्याच्या कूलरशी उभी होती. "मग म्हटलं, चटणी चांगली होतेय, कशाला घाई."

"सांगायचंस ना."

"मला ॲसिडिटी झाली, तेव्हा सांगणार होते. तर त्यांनी सोलकढी पाठवली."

धम्मदीप हसला नाही. तो बँकेत होता आणि कुठल्याही बाजूने हसणं त्याला धोक्याचं वाटे. घरच्या प्रत्येक सभेत तो तटस्थ राहत आला होता.

सभा हा गमऱ्यांचा जुना रोग. सहादेव टेलिफोन खात्यात लाइनमन आणि गावकऱ्यांच्या मंडळाचे कायमचे चिटणीस होते. मंडळाची शिस्त त्यांनी घरात आणली. घरात काहीही ठरवायचं तर सभा भरे. अध्यक्ष निवडला जाई, एक जण सूचना मांडे, दुसरा अनुमोदन देई, मग हात वर. फ्रिज असाच आला. जीवनचं लग्न असंच जमलं, एक तटस्थ. मांजर पाळायची सूचना तहकूब झाली ती झालीच, मांजर मात्र तोवर घरात येऊन राहिली होती. शेवटी आभारप्रदर्शन असे आणि ते हरलेल्या माणसाने करायचं, हा सहादेवांचा खास नियम. ज्याने आभार मानले त्याने ठराव मानला. रुसवा सभेबाहेर न्यायचा नाही. मामांना हा नियम मान्य नव्हता, पण ते माहेरचे होते.

या सगळ्या व्यवस्थेत इंदूबाईंचं एकच काम असे. अनुमोदन. सूचना कुणाचीही असो, त्या स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या राहत आणि म्हणत, "मी अनुमोदन देते." आभारप्रदर्शनाच्या शेवटी त्यांच्यासाठीही एक वाक्य राखलेलं होतं: चहापाण्याची व्यवस्था इंदूबाईंनी केली, त्यांचेही आभार.

घर जीवनच्या नावावर करायचा ठराव गेल्या महिन्यात झाला. धम्मदीप अध्यक्ष, जीवन सूचक, संघप्रिया फोनवर. जीवनने स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "आई, अनुमोदन?" त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली. सभेने ती ग्राह्य धरली. मग आईच्या राहण्याचाही विषय निघाला आणि तोही दुसऱ्या शिट्टीत मंजूर झाला.

*

"आई, तुझी छत्री माझ्याकडेच ठेवूया," संघप्रिया बाकावर येऊन टेकत म्हणाली. "जून लागला की तू माझ्याकडेच असणार."

"मी तुझ्याकडे असणार?"

"हो ना. ठरलंय ना तसं. उन्हाळा दादाकडे, त्याच्याकडे एसी आहे. पावसाळा माझ्याकडे. हिवाळा जीवनकडे."

"कधीपासून?"

"इमारत पाडली की. नवी होईपर्यंत."

"आणि नवी झाल्यावर?"

संघप्रियाने थोडा विचार केला. हा प्रश्न ठरावात नव्हता. "तेव्हा बघू," ती म्हणाली आणि तिचं तिलाच ते कसंसं वाटलं. ती नखांकडे बघत बसली.

आपल्याला ऋतू नेमून दिलेत, हे इंदूबाईंना आत्ता कळत होतं. कोकणातून लग्न होऊन आल्या तेव्हा भाईंदरला खाऱ्या जमिनीवर इमारती नुसत्या उगवत होत्या. त्या फ्लॅटच्या दारावरची *सहादेव रा. गमरे* ही पाटी त्या रोज फडक्याने पुसत. वर्ष झालं, माणूस नव्हता, पण पाटीवर धूळ नव्हती. सही केल्यावर आपण कुठल्या दाराची पाटी पुसायची, एवढंच त्यांना कुणाला तरी विचारायचं होतं. सकाळी राजश्रीला विचारून पाहिलं होतं, तर ती म्हणाली होती, "आई, आधी भांग पाडून विंचरून घ्या, फोटो काढतात."

त्यांना तहान लागली. जीवनने पिशवी बाकाखाली ठेवली होती. बाटली शोधताना हाताला लाकूड लागलं. त्यांनी पाटी अर्धी बाहेर काढली, सावकाश वाचली आणि परत ठेवली. मग पाणी प्यायल्या.

"छान झालीय," त्या राजश्रीला म्हणाल्या.

"काय?"

"पाटी."

राजश्रीचा चेहरा उतरला. "ती... ते सरप्राइज होतं, आई."

"कुणाला?"

इंदूबाईंनी आवाज चढवला नाही. भाजी निवडताना बोलावं तशा त्या बोलल्या. "तुझं नाव बरं टाकलंन त्याने. स्टीलमध्ये. कागदात आहे का गं तुझं नाव?"

"असणारच."

"बघ तरी."

राजश्रीने शिवाकडून फाइल मागून घेतली. ती एका लॅबच्या काउंटरला होती, दिवसभर लोकांचे रिपोर्ट वाचून त्यांच्याकडे निर्विकार बघायची तिला सवय होती. तिने दस्त त्याच चेहऱ्याने वाचला. लिहून देणार: इंदूबाई, धम्मदीप, संघप्रिया. लिहून घेणार: जीवन सहादेव गमरे. मग एकदम दस्त संपून साक्षीदारच लागले.

ती जीवनला खिडकीशी घेऊन गेली.

"कागदात मी नाही."

"तू नसतेसच गं. हक्क फक्त वारसालाच सोडता येतो. तू वारस नाहीस."

"मग पाटीवर कशी?"

"पाटीला कायदा नसतो."

"मग माझं नाव कधी टाकणार?"

"नंतर टाकू ना."

जीवनने ते मनापासून म्हटलं होतं. पण राजश्रीने त्याचं 'नंतर' चांगलं ओळखलं होतं. गिझर नंतर बसणार होता, आता त्या बाथरूमसकट इमारत पडणार होती. ती परत येऊन सासूच्या शेजारी बसली. तिने फाइल शिवाला दिली नाही, मांडीवरच ठेवली.

एवढ्यात त्यांचा नंबर लागला.

*

निबंधक मॅडम चष्म्याच्या वरून माणसं बघत आणि चष्म्यातून कागद. टेबलाशेजारी एक खुर्ची होती. तिच्यावर बसून वेबकॅमसमोर फोटो काढायचा आणि बाजूच्या यंत्रावर अंगठा ठेवायचा. जीवनने आईला खुर्चीकडे नेलं. मामा तिच्याकडे आशेने बघत होते. खुर्चीकडे.

"इंदूबाई सहादेव गमरे?"

"हो."

"दस्त वाचून दाखवला? समजला?"

"समजला."

"तुमचा हक्क मुलाला सोडताय. राजीखुशीने. कबूल आहे ना?"

मॅडमनी शिक्का उचललेला होता. दिवसभरात हा प्रश्न त्या इतक्यांना विचारत की उत्तर येण्याआधीच त्यांचा हात निघे.

"मला नाही विचारलं कुणी," इंदूबाई म्हणाल्या.

शिक्का हवेत थांबला. "मी विचारतेय ना."

"तुम्ही पहिल्या. घरी अनुमोदन कुकरने दिलं. अंगठा त्याचाच घ्या."

मॅडमनी चष्मा काढला. शिवाने डोळे मिटून घेतले. जीवन म्हणाला, "मॅडम, ती गंमत करतेय," आणि म्हणतानाच त्याला जाणवलं की आईने गंमत केल्याचं त्याला एकदाही आठवत नाही.

"कुकर कोण?" मॅडमनी विचारलं.

"कुकर म्हणजे कुकर, मॅडम," धम्मदीपने खुलासा केला. "अनवधानाने झालं. मी अध्यक्ष होतो."

"हे बघा, बाई कबुली देत नसतील तर नोंदणी होणार नाही. बाहेर जा, ठरवा, मग या." त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीनवर काही तरी गोल फिरत होतं. "सर्व्हर गेला," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत मागे टेकल्या. "तो येईपर्यंत इथेच बोला. बाहेर तसाही गोंधळ आहे."

इंदूबाई उठल्या. मोकळी झालेली खुर्ची त्यांनी भावाकडे सरकवली. "आत्माराम, बस. तू मोठा आहेस. अध्यक्ष हो."

मामा बसले. सकाळपासूनचा रुसवा त्यांच्या अंगावरून घसरून खाली पडला. त्यांनी कॉलर नीट केली. वेबकॅम चालूच होता, त्यामुळे मॅडमच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात मामा हक्क सोडायला तयार असलेले दिसू लागले.

"सभेला सुरुवात झाली असं मी जाहीर करतो," मामा म्हणाले. "विषय?"

"मला सूचना मांडायचीय," इंदूबाई म्हणाल्या.

तिन्ही मुलांनी एकदम आईकडे पाहिलं. त्यांनी आईला अनुमोदन देताना पाहिलं होतं, चहा देताना पाहिलं होतं. सूचना मांडताना ती कशी दिसते हे कुणालाच माहीत नव्हतं. ती तशीच दिसत होती. फक्त हात पुसत नव्हती.

"घराला यांच्या जागी माझं नाव लागावं. तुम्ही तिघांनी तुमचा हक्क मला सोडावा. सोसायटीला एकच नाव हवंय, एकच मिळेल. इमारत होईस्तोवर जीवन भाड्याने घर घेईल तिथे मी राहीन. कुणाला मला न्यायचं असेल तर ऋतू बघून नाही, मला विचारून न्यायचं. मी गेल्यावर घराचं काय ते तेव्हाच्या सभेने ठरवावं. मी अडवायला येणार नाही."

"आई, पण घर मीच सांभाळतोय ना," जीवन म्हणाला. "मेन्टेनन्स, पाणी, लिफ्टवाल्याशी भांडण, सगळं मी. तुला काय वाटतं, मी तुला काढून टाकेन?"

"नाही वाटत."

"मग?"

"पिशवीत पाटी आहे तुझ्या. वाचली मी."

संघप्रियाने पिशवीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "कसली पाटी?" कुणी सांगितलं नाही. तिला तेवढ्यातच समजलं.

"आपण ना, जीवन," ती म्हणाली, "मला चटण्या पाठवत बसलो."

"तू कुठे पाठवल्यास? तू खाल्ल्यास."

"तेच. सगळे मिळून चुकीच्या बाईला डबे देत होतो."

"वैयक्तिक बोलणं नको," मामा म्हणाले. "सूचना आली आहे. अनुमोदन?"

अडचण सगळ्यांच्या एकदम लक्षात आली. या घरात अनुमोदन द्यायचं काम ज्या बाईचं, तीच आज सूचक होती. बाकीच्यांना त्याची सवयच नव्हती. मॅडम सर्व्हरकडे बघायच्या सोडून यांच्याकडे बघत होत्या. तेवढ्यात वरच्या जिममध्ये कुणी तरी धाडकन वजन टाकलं.

शिवाने आशेने छताकडे बोट केलं. "हे धरायचं का?"

"आवाज ग्राह्य धरला जाणार नाही," मामा म्हणाले. "यापुढे."

राजश्रीने हातातली फाइल टेबलावर ठेवली. जीवन आपल्याकडे बघतोय हे तिला न बघता कळत होतं. घरी गेल्यावर तो बोलणार नाही, मग जेवताना बोलेल, मग म्हणेल तूसुद्धा. हे सगळं तिला आधीच ऐकू आलं. कागदात ती आत्ताही नव्हती आणि दस्त आईच्या नावाने झाला तरी नसणारच होती. पण 'नंतर' म्हणणाऱ्या माणसाबरोबर तिने बरीच वर्षं काढली होती आणि ही बाई 'आत्ता' म्हणत होती.

"मी अनुमोदन देते," ती म्हणाली.

"राजश्री," जीवन म्हणाला.

"दिलं."

"हात वर," मामा म्हणाले. संघप्रियाचा हात आधीच वर होता. धम्मदीपने घसा साफ केला. "मी तटस्थ."

"तटस्थ चालणार नाही. तुलाही हक्क सोडायचाय. तटस्थ अंगठा उमटत नाही," मामा म्हणाले.

धम्मदीपने मॅडमकडे पाहिलं. कायद्याने काही पळवाट आहे का, असं त्या नजरेत होतं. मॅडमनी नकारार्थी मान हलवली. मग त्याने हात वर केला, खांद्यापर्यंतच, पण केला. आणि केल्यावर, हे एवढं अवघड नव्हतं, असं त्याच्या चेहऱ्यावर आलं.

"विरोधात?"

जीवन एकटाच होता. त्याने हात वर केला नाही आणि खालीही धरवेना. तो म्हणाला असता की मी सही करत नाही, तर सगळं तिथेच अडलं असतं. त्याच्या अंगठ्याशिवाय नवा दस्त होणार नव्हता. इंदूबाईंना ते माहीत होतं. म्हणून त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या, टेबलावरच्या स्टॅम्पपॅडकडे बघत होत्या. त्यांच्या पदराचं टोक बोटाभोवती घट्ट गुंडाळलेलं होतं.

"ठराव बहुमताने मंजूर," मामा म्हणाले. "आभारप्रदर्शन."

मॅडमनी शिवाला विचारलं, "आता काय?"

"हरलेला माणूस आभार मानतो," शिवा हळू आवाजात म्हणाला. गमऱ्यांबरोबर अर्धा दिवस काढून त्याला सगळं कळायला लागलं होतं. "मानले तर नवीन डेटा एन्ट्री करायची. नाही तर कोर्ट."

जीवनने पिशवी खांद्यावर नीट केली. आतली पाटी बाटलीला लागून वाजली.

"सभेचे अध्यक्ष आत्माराममामा," तो म्हणाला. आवाज बसलेला होता, पण क्रम बरोबर होता. "यांचे मी आभार मानतो. त्यांनी रुसवा अर्धवट सोडून अध्यक्षपद भूषवलं. निबंधक मॅडमनी जागा दिली, त्यांचे आभार. सर्व्हरचे आभार. तो चालू असता तर मी आत्तापर्यंत..." तो थांबला. "असो. दादाचे आभार, हात कुठवर उचलायचा हे त्याने आज ठरवलं. ताईचे आभार. ती डबे परत करेल ही अपेक्षा."

"धुऊन ठेवलेत," संघप्रिया म्हणाली.

"अनुमोदक राजश्री यांचे आभार. ते घरी सविस्तर मानेन. आणि सूचक..." त्याने आईकडे पाहिलं आणि पटकन पुढे गेला. वाक्य सवयीने आपोआप आलं. "आणि चहापाण्याची व्यवस्था इंदूबाईंनी..."

तिथे चहा नव्हता. सगळ्यांनाच ते एकदम दिसलं.

"ती तू कर," इंदूबाई म्हणाल्या. त्यांनी बोटाभोवतीचा पदर सोडला. "टायरवाल्याच्या बाजूला टपरी आहे. मॅडमनाही आण. माझ्यात साखर नको."

"तू बिनसाखरेचा कधीपासून प्यायला लागलीस?"

"तुझे आप्पा गेल्यापासून."

जीवनने मान हलवली, जणू हे लिहून घ्यायचं होतं आणि कागद नव्हता. मग तो चहा आणायला जिना उतरून गेला. पाटी त्याच्या खांद्यालाच राहिली.